पत्र्यावरचा भोपळा

"बोट दाखवलंस! मेल्या, भोपळ्याला बोट दाखवलंस तू!"

"आत्या, कुठला ते चाचीला सांगत हुतो."

"तोंडानं सांगायचं! न्हाईतर बोट मुडपून दाखवायचं. कवळं फळ हाय ते, आता सडणार!"

"मग आधीची कुणी सडवली? मीच व्हय?"

"तूच! दुसरं कोण हिंडतंय दिवसभर परड्यात?"

ही दगडाबाई, माझी आत्या. मास्तरची छडी मी मोडली, शाळा सुटली, तवा बापानं साताऱ्याहून मला माधवनगरला तिच्याकडं धाडलं, मिलमधी लावायला. मिलमधी अजून कोण घेईना. मग बसायचं परड्यात. मोरीच्या पाण्यावर अळू, कडंला शेवगा नि हादगा, आणि पत्र्यावर चढलेला लाल भोपळ्याचा वेल.

त्या वेलाचं बी शेजारच्या अख्तरबी चाचीचं, तिच्या माहेरचं. तिचा सोताचा वेल बकरीनं खाल्ला, घरातलं बी संपलं. आता आमचा एक तरी भोपळा पिकला तर बी ऱ्हाणार. आणि हितं लिंबाएवढं फळ झालं की पिवळं पडून गळतंय. चाची रोज भिताडावरनं नुसती बघायची.

त्या दिवशी रागानं मी पत्र्यावर जाऊन बसलो. बघतोय तर आढ्याच्या पल्याड, जिथं आत्याचा हात पोचत न्हाई, तिथं एक भोपळा. घागरीएवढा!

सकाळी परत वर गेलो. लांब देठाच्या फुलातनं भुंगा निघाला, पिवळ्या भुकटीनं माखलेला, नि बुडाशी बारकं फळ असलेल्या फुलात शिरला. खाली बघितलं तर आत्या लांब देठाची सगळी फुलं खुडून लुगड्याच्या वट्यात भरतीया. तिच्या मतानं ती रिकामी फुलं, त्यांना कवा फळ येत न्हाई. भुंगा खाली गेला, घोंगावला, तसाच परत आला. त्याला माखायला खाली काय उरलंच न्हवतं.

त्याच्या खेपा बघत मी लय येळ वरच बसलो, नि डोकं सणकलं माझं. उतरलो ते वरडायलाच. "आत्या, तुझ्या ह्या—"

"आलास? बस. गरम हायत तवर खा."

ताटलीत फुलांची भजी. मला आवडतात म्हणून रोज करती. लढाईपायी तेल मिळंना, तर सोताच्या चटणीवर थेंब घेत न्हाई. समोर बसून माझं तोंड बघत ऱ्हाती.

मी सगळी खाल्ली. मग म्हणलं, "उद्यापास्नं नको भजी."

"का रं? कडवाट लागली?"

"कंटाळा आला."

"आरं पण..."

"नको म्हणलं की नको! एक फूल खुडायचं न्हाई!"

तिचं तोंड एवढंसं झालं. मला लय वाईट वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं.

सांजच्याला ती चाचीला म्हणत हुती, "पोरगं रुसलंय माझ्यावर. काय करू गं?"

"अळूवडी कर," चाची म्हणाली.

आता रोज अळूवडी. अळू बोडकं व्हायला आलंय, पण खालची फळं धरलीत. वरच्या भोपळ्याचं मी दोघींना सांगितलं, तवापास्नं चाची रोज इचारती, "देठ वाळला का रे, बेटा?"

आज वाळला. चाची पदर पसरून उभी ऱ्हायली. मी इळा घ्यायला घरात आलो, तवर आत्या "माझ्या हातानं देणार" म्हणत काष्टा खोवून शिडीवर चढली सुदिक! आत्या काय हलकी न्हाई. शिडी करकरतीया, खाली चाची वरडतीया, "या अल्ला, दगडाबाई, उतर!" मला आता जायाला पायजे.