मंगळवारचं माप

मंगळवारी सकाळी मी ह्यांचा गोळ्यांचा डबा उघडला आणि काळजात धस्स झालं. दर रविवारी मीच तो भरते. सात वारांचे सात खण, प्रत्येकात रक्तदाबाची एक गोळी. मंगळवारचा खण रिकामा असायलाच हवा होता, पण बुधवार आणि गुरुवारचेही रिकामे होते.

हे खाली सोसायटीच्या हॉलमध्ये गेले होते. इथे सुकापूरला आमच्या समोरच्याच घरात राहणारी अनुया ज्येष्ठांवर संशोधन करतेय: चीगाँग नावाच्या संथ चिनी व्यायामाने रक्तदाब उतरतो का? दर मंगळवारी आधी माप, मग व्यायाम. आकडा उतरला की पोरीचा चेहरा खुलतो, आणि त्यासाठी आमचे हे वाट्टेल ते करतील. आम्हाला मूल नाही, ही आमच्याच घरात जेवून मोठी झाली. मागच्या महिन्यात गोळ्या लवकर संपल्या, तेव्हा म्हणाले, बेसिनमध्ये पडल्या. मी बावळटासारखा विश्वास ठेवला.

तीन जिने कशी उतरले, देव जाणे.

हॉलमध्ये बारा-तेरा जण डोळे मिटून, गुडघे जरा वाकवून, हात छातीसमोर गोल धरून उभे होते. हे पहिल्या रांगेत. चेहरा पिठासारखा पांढरा, गुडघे लटपटत होते. मी हाक मारायच्या आतच ते कोसळले.

अनुयाने त्यांचे पाय खुर्चीवर ठेवले, दंडाला पट्टा बांधला. ऐंशी-पन्नास. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. "मघाशी आकडा इतका छान आला म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या," ती रडवेल्या आवाजात सांगत होती. मला वाटलं, संपलं सगळं. मी तिला डबा दाखवला आणि ह्यांनी तीन गोळ्या घेतल्याचं सांगितलं.

ह्यांनी डोळे किलकिले केले.

"तुझं काम फसायला नको होतं गं," ते पुटपुटले.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या दमयंतीबाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या.

"अनुया, मीही आज दोन घेतल्यात."

अनुयाने वळून रांगेतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. एकाचीही मान वर होईना.