पाठकोरे कागद

खुर्चीच्या डाव्या हाताला सुतळीची गाठ मारून त्याने चिठ्ठी सरळ केली, दोन पावलं मागे सरकला आणि लिहिलेलं पुन्हा वाचलं. 'लाकडी खुर्ची. पाठ भक्कम. मागचा उजवा पाय तडकला होता, तो सांधला आहे. जड माणसाने जपून बसावे.'

गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको स्टुलावर बसून कात्रीने कागद कापत होती. तिने तिथूनच मान तिरकी करून चिठ्ठी वाचली.

"अहो, 'जपून बसावे' वाचल्यावर कोण बसणार आहे तिच्यावर?"

"जपून बसणारा."

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली आणि कात्री पुन्हा चालू लागली.

तेवीस वर्षं तो एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात बसला होता. आलेल्या प्रत्येक कागदाला चिठ्ठी लावायची, गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवायची. घराखालच्या या गाळ्यात जुन्या वस्तू आणून, त्या दुरुस्त करून विकायचा नाद आधी सुट्टीपुरताच होता. पण सहा वर्षांत बोट धरून आलेला हा नाद मानेवर बसला, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याने राजीनामा दिला. शिल्लक रजा होती, ती घेऊन तो आता दिवसभर गाळ्यात असे. कार्यालय सुटलं, चिठ्ठी मात्र सुटली नाही. वस्तूत जे जे बिघडलेलं, जे जे सांधलेलं, ते सगळं तो वळणदार अक्षरात लिहून तिच्या गळ्यात बांधी. बाजारातले बाकीचे जुनेवाले त्याला 'चिठ्ठीवाले काका' म्हणत आणि आपापसात म्हणत, हा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि वर धोंड्यालाही चिठ्ठी लावतो.

चिठ्ठ्यांसाठी लागणारे पाठकोरे कागद जमवणं आणि कापणं हे बायकोचं काम. जुन्या परिपत्रकांच्या, जाहिरातींच्या, मुलीच्या शाळेतल्या टिपणांच्या कोऱ्या बाजू. एकदा घाईत मुलीचा शाळा सोडल्याचा दाखलाच कापला गेला होता आणि त्याचे तुकडे पाच बरण्यांच्या गळ्यात सापडले होते. तेव्हापासून दोन्ही बाजू वाचल्याशिवाय ती कागदाला कात्री लावत नसे.

राजीनाम्याबद्दल ती फारसं बोलली नव्हती. त्याने सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाचही शर्टांना इस्त्री करून ते कपाटात टांगून ठेवले. "लागले तर," एवढंच. ते दोन शब्द तो तीन आठवडे मनात घोळवत होता. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. इस्त्रीच्या शर्टांना काय उत्तर देणार?

त्यात साहेबांचं बोलणं. साहेब माणूस वाईट नव्हता. निरोप घेताना त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, "तुमचा कागद मी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता वर पाठवणार. तोवर तो माझ्या खणात आहे. मागे घेतो म्हणून दोन ओळी लिहून आणल्यात, तर मी तो बघितलाच नाही. एकदा वर गेला, की माझ्या हातात काही नाही."

तो शुक्रवार आता तीन दिवसांवर होता.

मंगळवारी एक बाई आली, आरशाची चिठ्ठी वाचून 'कडेला पारा उडालाय' म्हणत गेली. त्याने काही न लिहिता आरसा तिथे ठेवला असता, तर तिला ते दिसलंही नसतं. बुधवारी धाकटा मेव्हणा आला. तो आला की गाळा आपोआप लहान वाटू लागे.

"काय दाजी, आज काय खपलं?"

"एक खुंटी."

"वा! म्हणजे आता टोपी टांगायची सोय गिऱ्हाइकाकडे झाली, आपल्याकडची गेली." तो स्वतःच हसला, आणि मग बहिणीकडे वळून हळू आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, माणूस या वयात खुर्ची मिळवायला धडपडतो. यांनी असलेली सोडली आणि तडकलेली आणली."

"सांधलीय ती," बायको म्हणाली. "बस बघू तिच्यावर."

मेव्हण्याने चिठ्ठी वाचली, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

मेव्हणा गेला. मग बायकोच म्हणाली, "तेवीस वर्षं मी संध्याकाळी विचारायचे, आज काय झालं? तर म्हणायचात, काही नाही. काल त्या कंदिलाबद्दल अर्धा तास बोललात. वात कशी, काच कुठली, कडी कुणी बदलली. डोकं उठवलंत माझं."

"आता नाही बोलणार," तो म्हणाला.

ती कात्री ठेवून वर निघून गेली.

गुरुवारी दुपारी ती वर असताना तो विकायला ठेवलेल्या एका टेबलाशी बसला. त्या टेबलाचा खण अडकत होता, दोन दिवस झाले तरी त्याला दाद देत नव्हता. खण तसाच ठेवून त्याने एक चांगला जाड कागद घेतला आणि लिहिलं. तेवीस वर्षांत असे शेकडो अर्ज त्याच्या हाताखालून गेले होते, शब्द शोधावे लागले नाहीत. 'सविनय विनंती की, मी दिलेला राजीनामा मागे घेण्याची परवानगी मिळावी.' खाली 'आपला विश्वासू' आणि सही. कागदाची दुपदरी घडी करून त्याने तो कार्यालयाच्या जुन्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. बॅग गाळ्यातच खिळ्याला टांगलेली होती. शुक्रवारी दुपारी ती खांद्याला लावायची, इस्त्रीचा एक शर्ट चढवायचा आणि निघायचं. बायकोला आल्यावर सांगू. तिला बरंच वाटेल.

शुक्रवारी सकाळी एका कुटुंबाचं सामान पाहायला जायचं कबूल केलं होतं, म्हणून तो गेला. ते लोक दुसरीकडे राहायला चालले होते. त्याने काही घेतलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एक एक वस्तू दाखवली आणि त्याने एक एक ऐकून घेतली, एवढंच. निघताना ते म्हणाले, "तुम्ही निदान विचारलंत तरी, हे कुठून आणलं म्हणून." तो चालत परतला.

गाळ्यात आला तर खिळा मोकळा होता.

"इथली बॅग?"

"विकली," बायको म्हणाली. तिच्यापुढे नव्या चिठ्ठ्यांचा छोटा ढीग होता आणि हाताला शाई लागली होती. आज चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या होत्या.

"विकली? ती विकायची नव्हती."

"मला काय माहीत? इथे टांगलेलं ते विकायचं, हा नियम तुमचाच. एक मुलगी आली होती. सोमवारी पहिल्याच नोकरीवर रुजू होतेय. तिला तीच आवडली."

"चिठ्ठीशिवाय?"

"चिठ्ठीशिवाय कशी? लिहिली ना. 'ऑफिसची बॅग. एकाच माणसाने वापरली. चेन मध्येच अडते. आत डब्याचा वास येतो, तो जाणार नाही.' वाचून इतकी हसली ती! म्हणाली, काकू, असू दे, माझ्या डब्याला सोबत होईल."

त्याने घसा साफ केला. "आतले कप्पे बघितलेस?"

"बघितले. तोही नियम तुमचाच."

"काही होतं?"

"एक पेन, दोन टाचण्या आणि तुमचा हरवलेला चमचा. दोन वर्षं मी कामवालीवर आळ घेत होते. चमचा धुऊन ठेवलाय."

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. ती सुतळीचे तुकडे मोजून सारखे करत होती. म्हणजे कागद कप्प्याच्या तळाशी राहिला, बॅगेबरोबर गेला. त्या मुलीचा पत्ता नाही, नाव नाही. अर्ज दुसरा लिहिता येईल, दोन ओळींना कितीसा वेळ? त्याने भिंतीकडे पाहिलं. विकायला लावलेल्या चार घड्याळांत चार वेळा होत्या, पण कुठल्याही हिशोबाने पाचाला चार तास तरी होते.

तो वर गेला, जेवला, कपाट उघडून शर्टांकडे बघत उभा राहिला. एका शर्टाचा हँगर काढला आणि पुन्हा अडकवला. मग खाली येऊन कोरा कागद शोधू लागला, आणि तेवढ्यात एक शिक्षक गाळ्यात शिरले. घरी वह्या तपासायला टेबल हवं होतं.

ते अडकणाऱ्या खणाच्या टेबलापाशी थांबले. त्याला बायकोच्या अक्षरातली नवी चिठ्ठी बांधलेली होती. शिक्षकांनी ती सवयीने मोठ्याने वाचली. "'टेबल. पाय चारही सारखे. खण अडकतो. जोर लावू नये. थोडा उचलून धरला की आपण होऊन येतो.'" त्यांनी खण थोडा उचलला. तो आवाज न करता बाहेर आला.

"तुला कसं कळलं?" त्याने बायकोला विचारलं.

"सकाळी बसले होते त्याच्याशी," ती म्हणाली.

शिक्षक खुशीत होते. त्यांनी चिठ्ठी बोटांत फिरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागेही काही लिहिलंय. '...दिलेला राजीनामा मागे घेण्याची...' पुढचं कापलंय. अक्षर मात्र सुरेख आहे हो."

त्याने वाकून पाहिलं. जाड कागद, वळणदार अक्षर, शाई अजून नवी. मग त्याची नजर शेजारच्या कंदिलाकडे गेली. तिथली चिठ्ठी वाऱ्याने उलटी झाली होती आणि तिच्यावर 'आपला विश्वासू' एवढंच होतं. आरशाच्या नव्या चिठ्ठीचा कागदही तोच.

बायकोची कात्री थांबली होती. तिने वर पाहिलं नाही. गाळ्यात फक्त घड्याळांचा आवाज होता, चारही आपापल्या वेळेने चाललेली.

"हे काय आहे, मागचं?" शिक्षकांनी पुन्हा विचारलं.

त्याने चिठ्ठी त्यांच्या हातातून हलकेच घेतली, सरळ केली आणि सुतळीची गाठ थोडी घट्ट केली.

"ते जुनं आहे," तो म्हणाला. "तुम्ही पुढची बाजू वाचा. आणि टेबल कुठून आलंय ते सांगतो, वेळ आहे ना?"

मागे कात्री पुन्हा चालू लागली.