मोटारीबाहेरची वहाण

मी मनसारामच्या उजव्या पायाची वहाण बोलतेय. आधीच सांगून टाकते, मला त्या मोटारीचा फार हेवा वाटायचा.

नागभीडच्या मोच्यानं मला म्हशीच्या जाड कातड्यातून बेतलं. पहिल्या दिवशी मी मनसारामला चावले. मग मोहाच्या बियांचं तेल पिऊन मऊ झाले आणि त्याच्या टाचेचा खळगा माझ्यात कायमचा उमटला. रान असो, तळ्याची पाळ असो, त्याचा काटा मी माझ्या अंगावर घ्यायची.

मग ती आली. लाकडाच्या ठेकेदारानं टाकून दिलेली जुनी काळी मोटार. मनसारामसाठी ती लक्ष्मी. तिच्यात तो जोडे घालून कधी बसला नाही. मला दाराशी काढायचा आणि अनवाणी चढायचा. गावचे आजारी, अडलेल्या बाया, सगळ्यांना ती आत घ्यायची. मी तेवढी धुळीत!

तिच्या गिअरबॉक्समधून तेल गळायचं. तो रोज खाली वाकून बघायचा. माझा अंगठा तुटला होता, तो महिनाभर दिसला नाही.

धाकटा भाऊ पत्रूही जळायचा. म्हणायचा, "भाऊ, मायापेक्षा तुले ते डबडीच लाडकी."

"ते तुयासारखी वटवट नाई करत बाबू," मनसाराम हसायचा.

पुढं मनसाराम हिवतापानं फणफणला. पत्रूनं त्याला मागं निजवून ब्रह्मपुरीच्या दवाखान्याकडे मोटार काढली. अर्ध्या वाटेत गिअरबॉक्समधलं तेल गळून संपलं, गिअर पडेना. बैलबंडी मिळेपर्यंत मनसाराम गेला होता.

बैलांनी ओढत मोटार घरी आणली. पत्रूनं तिला लाथा घातल्या, रडला, पुन्हा लाथा घातल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पण मनसारामची बायको गोकुळा पोटुशी होती. दिवस भरत आले होते आणि गावात दुसरी गाडी नव्हती. म्हणून पत्रू पाना घेऊन मोटारीखाली शिरला. गिअरबॉक्सच्या तळाच्या बोल्टला सुतळी गुंडाळली, साबण लिंपला. थेंब त्याच्या कपाळावरच पडला. तो तणतणत बाहेर आला, इकडंतिकडं पाहिलं आणि मला उचलून सुरी लावली.

"भाऊजी! तेरवीले दान द्याचे जोडे हायेत ते!" गोकुळा ओरडली.

"तुले कळा लागतीन तवा काय दानाच्या जोड्यावर बसवून नेऊ, वयनी? भाऊले नेलं नाई हिनं. तुले नेल्याशिवाय सोडत नाई मी इले!"

गोकुळा वळली. आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आली. "पयले भिजव. कोरडं चामडं बसत नाई, तुये भाऊ म्हणत."

टाचेच्या खळग्यातूनच त्यानं माझी चकती कापली, भिजवली आणि बोल्टाखाली कसली. नवं तेल भरून खाली राख पसरली. दोघं तिथंच बसून राहिली. राख कोरडीच राहिली.

आज सकाळी गोकुळाला कळा लागल्या. पत्रूनं दाराशी चपला काढल्या, भावासारख्याच, आणि अनवाणी चढला.

पत्रूच्या चपलांनो, तुमची जळजळ मला इथं कळतेय. आत काही सुख नाही गं. काळोख आणि कढत तेल. फक्त वर क्लचवर त्याची टाच पडते, ती मनसारामसारखीच जड आहे. एवढ्यासाठी मी घट्ट धरून आहे.

माझी जोडीदारीण तुमच्याशेजारी एकटी पडली आहे, तिला सांभाळा. आम्ही येऊ तेव्हा सोबत आणखी दोन पाय असतील. ते अजून कुठल्याच वहाणेचे नाहीत.