पानावर नाव नव्हतं

मी एक जुनी सागवानी ठवणी आहे. पोथी उघडी ठेवायची घडीची चौकट. देगलूरच्या माणिकप्पा सुतारानं मला एकाच फळीतून कोरलं, तेव्हापासून उमरीच्या या शेतकरी घरात पोथीला पाठीचा आधार देत उभी आहे. श्रावणात माझ्यावर पोथी चढायची, गल्ली ऐकायला बसायची. मग टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेले.

मित्रांनो, मला खाली आणलं ते सूनबाई उज्वलानं. तिला वाचनाचं भारी वेड. आवडलेलं पुस्तक माझ्यावर उघडायचं, मोबाइलनं फोटो काढायचा आणि फेसबुकवर आपल्या 'रोज एक पान' या पेजवर टाकायचा. लोक वाहवा करायचे. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी पेजच बंद झालं. बिलोलीच्या आनंदराज नावाच्या लेखकानं तक्रार केली होती. उज्वलानं तणतणत त्यांना फोन लावला, तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दारात हजर. निवृत्त ग्रामसेवक, चेहरा दमलेला.

"दादा, तुमचं पुस्तक मी घरोघरी पोचवलं, आन तुमी माझंच पेज बंद पाडलं?" उज्वला म्हणाली. "पोथी वाचतोत तवा कुणाला इचारतोत का आपण?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे पान माझ्या सख्ख्या पुतणीनं मलाच पाठवलं, लातूरहून. 'काका, वाचा, लई छान हाय.' खाली काय लिहिलंय बघा."

पुढे पाठवता पाठवता खाली कुणीतरी जोडलं होतं, 'लेखक अज्ञात'.

पान त्यांच्या आईवरचं होतं. खुरपता खुरपता, खुरप्याच्या टोकानं मातीत स्वतःचं नाव गिरवायला शिकलेली पंचफुलाबाई. त्या पानात मात्र ती नुसती 'माय' होती.

"न इचारता आर्धं पुस्तक टाकलं, ते एक. पण माझी माय बिननावाची फिरून राहिली, ताई."

पोथीत अध्याय संपताना कवीचं नाव ओवीतच येतं, वाचणाऱ्याला ते घ्यावंच लागतं. हल्लीच्या पुस्तकात ते मुखपृष्ठावर असतं, आणि उज्वलानं मुखपृष्ठ कधी टाकलंच नव्हतं. तिनं मान खाली घातली. मलाही फार वाईट वाटलं.

पेज परत सुरू झालं तसे तिनं सगळे फोटो काढून टाकले, माफी मागितली. पण एकदा सुटलेलं पान थोडंच परत येतं? अजूनही ते कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फुलांच्या चित्रासकट उगवतं. हातातली कामं टाकून उज्वला खाली लिहिते, 'लेखक आनंदराज, बिलोली. आईचं नाव पंचफुला.' लोक जोडलेले हात टाकतात आणि पान तसंच पुढे ढकलतात. बघून बघून मी थकले आहे.

मित्रांनो, ते पान तुमच्याकडेही येईल. पुढे पाठवण्याआधी जरा विचारा. लिहिणारा अज्ञात नाही. तो बिलोलीत राहतो.