पहाटेची जानेफळ

महामायाला थंडी सोसत नसे, आणि तिला जिवापाड आवडायची ती नेमकी पहाटेची गाडी.

डेपोतून जानेफळला जाणारी पहिली एसटी उजाडायच्या आत सुटायची. जाताना गाडीत चार-दोन माणसं असली तर असली. येताना मात्र पाय ठेवायला जागा नसे. कॉलेजच्या पोरी, दुधाच्या कॅना, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, भाजीची गाठोडी मांडीवर घेतलेल्या बाया. महामाया त्या गाडीची कंडक्टर. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून ती त्या गर्दीतून आरपार जायची. कोण कुठं उतरणार हे तिला विचारावं लागत नसे. चालकाच्या जागेवर जहांगीरचाचा असायचे. निवृत्तीला आलेला माणूस, दाढी पांढरी, बोलणं कमी. तिच्या घंटीवरून त्यांना समजायचं की आज पोरगी खुशीत आहे की नाही.

महामायाला सिकलसेल होता. शाळेत असताना रक्ततपासणी झाली आणि तिच्या हाती लाल कार्ड आलं. मग घरच्यांची तपासणी झाली, तेव्हा आईचं कार्ड पिवळं निघालं, वडलांचंही पिवळं. पिवळ्या कार्डवाल्यांना त्रास नसतो, त्यांच्याकडून तो पुढं जातो. लाल कार्डवाला भोगतो, हे तिला तेव्हाच कळलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मांड्या, पाठ, खांदे ठणकायला लागतात. थंडी, दगदग, जागरण, पाणी कमी पडणं, यातलं काहीही निमित्ताला पुरतं. दवाखान्यात याला मोठं नाव होतं. घरी केसरबाई, तिची आई, एवढंच म्हणायची, ‘‘माह्या पोरीचं दुखणं उठलं.’’

दोन दुखण्यांच्या मधल्या काळात ती चांगली धडधाकट दिसायची. अडचण तीच होती. डोळे थोडे पिवळट, एवढंच. बाकी हसणारी, भराभर चालणारी बाई. अशी बाई महिन्या-दोन महिन्यांनी आठवडाभर गायब होते, म्हटल्यावर लोक बोलणारच.

डेपोत हजेरीचं काम भाऊरावांकडे होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कागद लागायचा. दवाखान्यात भरती झाल्याचा कागद, तिथून सुटी मिळाल्याचा कागद, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि कामावर येताना फिटनेस. आजारी असल्याचा कागद ऐन दुखण्यात मिळवावा लागायचा, आणि बरं झाल्याचा कागद मिळेपर्यंत बऱ्या माणसाला घरी बसून राहावं लागायचं. केसरबाईनं सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. पिशवी फुगत चालली होती.

एका हिवाळ्यात जानेफळच्या वाटेवरच दुखणं उठलं. महामायानं सीटच्या दांडीला धरलं आणि खाली बसली. जहांगीरचाचांनी रस्त्यावरच्या एका दवाखान्यापुढं गाडी थांबवली. तिथं एक कोवळा डॉक्टर होता. त्यानं इंजेक्शन दिलं आणि कागदावर लिहिलं, अंगदुखी, दोन दिवस विश्रांती. दुखणं मात्र आठवडाभर हललं नाही.

ती परत कामावर आली तेव्हा टेबलावर खुलासा मागवल्याचं पत्र तयार होतं.

‘‘महामायाताई, अंगदुखी तर मलेही हाय,’’ भाऊराव म्हणाले. ‘‘यावर मी आठ दिवस कसे लावू?’’

‘‘भाऊ, ते सिकलसेलचं दुखणं व्हतं. डॉक्टरानं तसं लिहिलं नाही.’’

‘‘मंग लिहून आना. मी नाही कुठी म्हनतो? पन वरून विचारलं तर मले कागद दाखवा लागते.’’

ती त्या दवाखान्यात गेली. कोवळ्या डॉक्टरची बदली झाली होती. नवा डॉक्टर म्हणाला, मी तपासलं नाही, मी कसं लिहू? त्याचंही खरं होतं. महामाया बाहेर येऊन ओट्यावर बसली. समोरून तिचीच गाडी गेली, दुसरी कंडक्टर घेऊन. दारातल्या पोरींनी तिला पाहून हात हलवला. तिनंही हलवला, आणि मग बराच वेळ तो हात कुठं ठेवावा ते तिला सुचेना.

जहांगीरचाचाच म्हणाले, ‘‘बेटा, दर डाव नवा कागद काऊन आनतं? एकदाच मोठा कागद करून घे. बुलढान्याले डॉक्टरायच्या बोर्डासमोर जाय.’’

‘‘मोठा कागद झाला का गाडीवरून उतरवतीन ना, चाचा.’’

जहांगीरचाचांनाही ते ठाऊक होतं.

बोर्डाची तारीख मिळाली. केसरबाई सोबत गेली, पिशवी छातीशी धरून. तपासणी झाली, पुन्हा रक्त घेतलं, जुने कागद पाहिले. शेवटी एक वयस्कर डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, ‘‘इतकी वर्षं पहाटेची पाळी केली तुम्ही? कमाल आहे. आधीच यायला पाहिजे होतं.’’

‘‘मॅडम, तुम्ही एवढंच लिहा ना,’’ महामाया म्हणाली, ‘‘की इले मधामधात दुखनं येते, तेव्हा सुटी द्या. बाकी गाडीवर राहू द्या.’’

‘‘आणि थंडी?’’

‘‘स्वेटर घालतो मी.’’ वऱ्हाडात बायाही असंच बोलतात, घालतो, जातो, येतो. डॉक्टरीणबाईंना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या.

‘‘हे बघा, गाडीत उभ्या उभ्या एक दिवस छातीत दुखायला लागलं, श्वास अडकला, तर जानेफळच्या रस्त्यावर कोण काय करणार? मी पाहते आहे ते लिहिणार. मला दुसरं काही लिहिता येणार नाही.’’

त्यांनी लिहिलं. पहाटेची पाळी आणि थंडी टाळावी. बसून करायचं काम द्यावं. आजार कायमचा असून मधूनमधून तीव्र वेदना होतील, त्या वेळच्या रजेचा सहानुभूतीनं विचार व्हावा. खाली सही आणि शिक्का.

परतीच्या गाडीत केसरबाई हलकी होऊन झोपली. महामाया खिडकीतून कपाशीची रिकामी रानं पाहत राहिली. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यासोबत हातातलं गेलं होतं.

तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. माईकवरून गाड्या पुकारायच्या, लोकांना फलाट सांगायचे. काम सावलीतलं, हाताशी पाण्याची बाटली. दुखणं आता कमी उठायचं, आणि उठलं तरी भाऊराव फोनवरच म्हणायचे, ‘‘ताई, आराम करा. बोर्डाचा कागद हाय ना.’’ सगळ्यांना वाटलं, पोरगी सुटली. महामायालाही कधी कधी तसं वाटायचं, विशेषतः पाऊसपाण्याच्या दिवसांत.

पण पहाटे जाग यायची. घड्याळाची गरज नव्हती. अंगावर दोन गोधड्या, शेजारी आईचं संथ घोरणं. घराच्या मागच्या रस्त्यावरून जानेफळ गाडी जायची तेव्हा खिडकीची काच थरथरायची. मग महामाया डोळे मिटून गाडीत चढायची. आता नदीवरचा पूल आला, आता खिडक्यांतून धुकं आत येईल. आता फाट्यावर त्या दोघी बहिणी चढतील, एक ओल्या केसांची आणि एक कायम उशीर करणारी. आता विमलबाई मेथीचं गाठोडं दारात अडकवून ठेवील आणि म्हणेल, आत लोटा बाई जरा. एखाद्या माणसाची आठवण यावी, त्याच्या कपड्यांच्या वासासकट यावी, तशी तिला त्या गाडीची आठवण यायची. डिझेल, ओली मेथी, पोरींच्या डोक्याचं तेल. तिच्या लाल कार्डावरून दोन स्थळं परत गेली होती, तेव्हासुद्धा जीव असा ओढला नव्हता.

एकदा विमलबाई खिडकीशी आली. ‘‘अवं बाई, तुमी इथं हाय व्हय? मले वाटलं बदली झाली.’’

‘‘इथंच हाय. नवी पोरगी कशी हाय?’’

‘‘चांगली हाय. उमैमा नाव हाय तिचं. हिशोबाची पक्की.’’ विमलबाई थांबली. ‘‘पन बोलत नाही. गाडीत बसल्यासारखं वाटत नाही बाई.’’

हे ऐकून आपल्याला बरं वाटलं, याची महामायाला नंतर दिवसभर लाज वाटत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात जहांगीरचाचांची निवृत्ती आली. जानेवारीअखेरचा दिवस. त्यांनी डेपो मॅनेजरना एकच गोष्ट मागितली. शेवटची फेरी जानेफळची, आणि सोबत कंडक्टर महामाया.

‘‘तिच्या कागदावर काय लिहिलंय माहीत आहे ना?’’ मॅनेजर म्हणाले.

‘‘माहीत हाय साहेब. एकच दिवस.’’

महामायानं स्वतः अर्ज लिहिला. स्वतःच्या जबाबदारीवर, एका दिवसापुरतं. मॅनेजरनी दोन दिवस तो ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी भाऊराव खिडकीशी आले आणि काचेवर टकटक करून नुसतं बोट वर केलं. मंजूर.

त्या आठवड्यात ती लहान पोरीसारखी वागली. जहांगीरचाचा येता-जाता विचारायचे, ‘‘गोळ्या घेतल्या?’’ घेतल्या. ‘‘पानी?’’ पिऊन राह्यलो, चाचा. केसरबाईनं खाकी गणवेश धुतला, इस्त्री करून आणला. स्वेटर दोन काढले. महामाया रोज लवकर झोपायची. वाटेवर कोणाकोणाला काय म्हणायचं तेही तिनं मनाशी ठरवलं होतं. त्या उशीर करणाऱ्या बहिणीला तर चांगलं रागवायचं होतं.

त्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती दुखण्यानं.

आधी डावी मांडी, मग कंबर. तिला वाटलं, झोपेत अवघडली असेल. उठून बसली. पाणी प्यायली, गोळी घेतली, गणवेशाच्या एका बाहीत हात घातला. दुसरा हात वर होईना.

केसरबाईनं दिवा लावला आणि पोरीचं तोंड पाहूनच समजली.

‘‘आई, जाऊ दे मले. एकच फेरी हाय. आल्याबरोबर दवाखान्यात जातो.’’

‘‘जाय,’’ केसरबाई म्हणाली. ‘‘मी अडवत नाही. पन वाटेत पडली तं तो म्हातारा काय करीन? त्याच्या शेवटच्या दिवशी तुले घेऊन दवाखान्यापुढं उभा राहीन?’’

महामाया एका बाहीतला हात तसाच ठेवून पलंगाच्या काठावर बसली. मग तिनं फोन लावला. जहांगीरचाचा डेपोत पोचलेले होते. मागं इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

‘‘चाचा, नाही जमत.’’

ते म्हणाले, ‘‘बरं बेटा. तू दवाखान्यात जाय. गाडी मी नेतो.’’

ती रडली नाही. आईनं ऑटो आणेपर्यंत तिनं गणवेश काढून त्याची घडी घातली, जमेल तशी.

संध्याकाळी वॉर्डात जहांगीरचाचा आले. डेपोतल्या सत्काराची शाल खांद्यावर तशीच होती. हातात पेढ्यांचा पुडा. महामायाच्या हाताला सलाईन होतं आणि ओठ कोरडे पडले होते. ते स्टूल ओढून बसले.

‘‘भाऊरावनं सांगितलं, आजचा दिवस आजारपनातच लावला. कागदाची फिकीर करू नको.’’

‘‘कागद जाऊ द्या. फेरी सांगा.’’

‘‘काय सांगू? गेलो, आलो.’’

‘‘असं नाही चाचा. पयल्यापासून.’’

बोलणं कमी असलेल्या माणसाला बोलायला लागलं. त्यांनी सांगितलं की धुकं इतकं होतं, दिवे लावूनही पुढचं दिसत नव्हतं. उमैमाला त्यांनी पहाटेच फोन करून सांगितलं की आज महामाया येणार होती म्हणून तुला सुटी होती, पण आता तूच चल. ती बिचारी आली. विमलबाईनं त्यांच्यासाठी बोरं आणली होती. पोरींनी दारावर झेंडूची माळ बांधली. फाट्यावरच्या दोघी बहिणी आज वेळेवर उभ्या होत्या.

‘‘दोघीही?’’

‘‘दोघीही. तुह्यासाठी उभ्या व्हत्या. तू नाही म्हनून समजलं तं तोंडं उतरली.’’

महामायानं डोळे मिटले. मांडीतली कळ ओसरली नव्हती, पण ती बाजूला सारून ऐकत होती. ‘‘मंग?’’

‘‘मंग काय. सगळे उतरले. गाडी लावली. चावी देल्ली.’’ त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘‘उमैमा घंटी चांगली मारते बेटा. पन येकदा मी आरशात मागं पाह्यलं, अन् मंग नाही पाह्यलं.’’

केसरबाईनं पुड्यातला पेढा फोडून अर्धा पोरीच्या तोंडात घातला, अर्धा जहांगीरचाचांच्या हातावर ठेवला. मग तिनं स्वतःसाठीही एक घेतला. परिचारिका येऊन म्हणाली, भेटायची वेळ संपली, तेव्हा जहांगीरचाचा उठले, महामायाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात महामाया खिडकीवर रुजू झाली. थंडी सरली, उन्हं तापायला लागली, तशी ती एकदा बुलढाण्याला जाऊन त्याच डॉक्टरीणबाईंना भेटली. उन्हाळ्यापुरती, दुपारची, अर्ध्या दिवसाची पाळी चालेल का, असं विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि पाणी भरपूर प्यायच्या अटीवर दोन ओळी लिहून दिल्या. दुपारच्या जानेफळसाठी तिनं अर्ज केला आहे. त्या गाडीत धुकं नसतं, पोरीही नसतात. बाजार करून परतणारी, उन्हानं पेंगुळलेली माणसं असतात. अजून उत्तर आलेलं नाही. भाऊराव म्हणतात, उत्तर येईन, ताई.