तोंडात बोळा

डॉक्टरांना बोलायला फार आवडायचं, आणि देवाने धंदा असा दिला होता की समोरच्याला बोलताच येऊ नये. ते दातांचे डॉक्टर. माणूस खुर्चीत आडवा, डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचे बोळे, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. इतका गरीब श्रोता कुठल्या उपदेशकाच्या नशिबी आला असेल?

ते परदेशात आले नोकरीसाठी, पण नुसते नोकरीसाठी नाही. निघण्याआधीच्या रविवारी चर्चच्या मंडळीने नवरा-बायकोच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. सासरे निवृत्त पाळक, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. ते म्हणाले होते, "जावईबापू, हातांनी दात काढा आणि तोंडाने प्रभूचं नाव सांगा. पगार दवाखाना देईल, बाकीचं तो बघेल." डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

भुलीचं इंजेक्शन दिलं की जबडा बधिर व्हायला काही मिनिटं लागतात. बाकीचे डॉक्टर तेवढ्यात मोबाइल बघून येतात, कॉफीचा घोट घेऊन येतात. आपले डॉक्टर मात्र स्टूल ओढून पेशंटच्या उशाशी बसायचे आणि सुरू करायचे, "तुम्ही कधी विचार केलाय का, माणसाच्या जिवाला खरी शांती कुठे मिळते?"

"आं," पेशंट म्हणायचा.

"अगदी बरोबर!" असं म्हणून डॉक्टर जे निघायचे ते दात भरून होईपर्यंत थांबायचे नाहीत. मन साफ होतं, हातही हलका होता. फक्त पेशंटला मध्ये काही म्हणायचं असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेने त्यांच्या डोक्यात घातलं. रूट कॅनल झाल्यावर बाई तोंड पुसत थेट मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. "माझ्या तोंडात बोळे कोंबून हे गृहस्थ मला देव समजावत होते," त्या म्हणाल्या. "मला त्यांचे चार मुद्दे खोडायचे होते. तोंड मोकळं होईपर्यंत दोन विसरले. हा कुठला न्याय?"

दवाखान्याचे मालक, ज्यांना सगळे थोरले डॉक्टर म्हणत, पांढऱ्या भुवयांचे आणि मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

"तुमचा हात चांगला आहे डॉक्टर, तोंड आवरा. मला देवाचं वावडं नाही. कोणी स्वतःहून विचारलं तर खुशाल सांगा. पण न विचारता एक शब्द जरी कानावर आला, तर वर्षाअखेरीला तुमचा करार पुढे वाढणार नाही."

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा बायको हसून हसून खुर्चीत मागे कलंडली. ती एका पाळणाघरात काम करायची. दिवसभर रडारड ऐकून तिला हसायची भूक लागलेली असायची.

"अहो, त्या बाईंचं काय चुकलं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!"

"मी काय बुक्के मारत होतो? सुवार्ता सांगत होतो."

"पाळणाघरात मीसुद्धा पोरांच्या तोंडात घास असताना प्रश्न विचारत नाही. ठसका लागतो."

डॉक्टर रुसले, पण शब्दाला जागणारे होते. दुसऱ्या दिवसापासून हाताची घडी, तोंडावर बोट. प्रश्न एवढाच उरला की त्या मधल्या मिनिटांचं करायचं काय? स्टूलवर बसायची सवय तर सुटेना. मग ते नुसते बसू लागले. कार्डावरचं नाव वाचायचं, डोळे मिटायचे आणि त्या माणसासाठी मनातल्या मनात प्रार्थना करायची. घाबरट पेशंट कधी खुर्चीच्या हातावरचं त्यांचं बोट घट्ट धरून ठेवायचे, तर डॉक्टर ते सोडवून घ्यायचे नाहीत. दवाखान्यात त्यांना लगेच नाव पडलं, झोपाळू डॉक्टर.

नावाचं त्यांना काही वाटलं नाही. लागायचं ते रविवारच्या फोनचं. उपासनेहून परत आले की सासऱ्यांचा फोन ठरलेला.

"सलाम जावईबापू! मग, विचारलं का कोणी?"

"नाही पप्पा."

"अहो, बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तुमच्याकडे तर गहू आहेत, गहू!"

फोन ठेवला की डॉक्टर खिडकीत जाऊन उभे राहायचे. आपण फुकट आलो असं त्यांना मनापासून वाटायचं. मंडळीने एवढ्या आशेने पाठवलं आणि आपण परक्या देशात दात भरत बसलो. एकाने, फक्त एकाने विचारलं असतं तरी ताठ मानेने परत गेलो असतो. पण वर्षाची अखेर जवळ आली तरी कोणी विचारलं नाही.

अशात डॉक्टरांचीच दाढ दुखायला लागली. लवंग धरून पाहिली, मिठाच्या गुळण्या करून पाहिल्या. शेवटी गाल इतका सुजला की मास्क तिरका बसू लागला.

"दिव्याखाली अंधार," बायको म्हणाली. "आणि दाढ कोणती, तर अक्कलदाढ! आता कुठे थोडी येत होती, तर ती उपटणार."

शनिवारी दुपारी पेशंट संपल्यावर थोरले डॉक्टर स्वतः दाढ काढायला उभे राहिले. डॉक्टर जन्मात पहिल्यांदा खुर्चीच्या त्या बाजूला आडवे झाले. वर छताला एक पिवळा डाग होता. तो रोज त्यांच्या डोक्यावर असे, पण आज पहिल्यांदा दिसला. ट्रेमध्ये हत्यारं वाजली आणि त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. 'घाबरू नका' हे वाक्य त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. ते किती निरुपयोगी आहे हे आता कळलं.

इंजेक्शन देऊन थोरले केबिनमध्ये जातील असं त्यांना वाटलं. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि ते उशाशी बसले. नुसते बसले. आणि काय नवल, खुर्चीच्या हातांवरची पकड हळूहळू सैल झाली.

दाढ हट्टी निघाली, पण निघाली. थोरल्यांनी जागेवर बोळा ठेवला. "घट्ट चावून धरा. अर्धा तास तोंड उघडायचं नाही." मग मदतनीस बाईंना घरी पाठवलं, हातमोजे काढले आणि ते पुन्हा स्टूलवर येऊन बसले.

"आता मी बोलतो," ते म्हणाले. "तुम्हाला उत्तर देता येणार नाही म्हणूनच आत्ता बोलतो. येत्या गुरुवारी माझ्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी तिला म्हणतो, काही होत नाही. ती मला म्हणते, काही होत नाही. दोघंही एक नंबरचे खोटारडे. दोघांनाही झोप नाही."

डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"परवा त्या मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. म्हणाल्या, मला झोपाळू डॉक्टरच पाहिजेत. मी म्हटलं, बाई, तुम्हीच तर तक्रार केली होती. तर म्हणतात, ते झोपत नाहीत. माझ्यासाठी काहीतरी करत असतात. काय ते ठाऊक नाही, पण भीती कमी होते." थोरल्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. "मीही काचेतून रोज बघतोय. डॉक्टर, डोळे मिटून तुम्ही तेव्हा काय करता?"

विचारलं! अखेर एका माणसाने विचारलं! इतके महिने घोटून ठेवलेली सगळी वाक्यं एकदम दातांमागे येऊन उभी राहिली. आणि दारात बोळा!

"फ्रा... फ्राह..." डॉक्टर म्हणाले. बधिर जीभ एकीकडे गेली, लाळ दुसरीकडे.

"चावून धरा म्हटलं ना!" थोरल्यांनी हातरुमालाने त्यांची हनुवटी पुसली, अगदी लहान मुलाची पुसावी तशी.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाढेमुळे नव्हतं. मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, थोडा वेळ तसेच राहिले. डोळे उघडून रिकाम्या खुर्च्यांकडे बोट केलं.

"प्रार्थना," थोरले हळूच म्हणाले. "पेशंटसाठी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि थोरल्यांकडेही बोट केलं.

"माझ्यासाठीसुद्धा? कशासाठी? करार वाढवावा म्हणून?"

खोटं बोलायची सोय नव्हती. डॉक्टरांनी ओशाळून मान हलवली. थोरले डॉक्टर खो खो हसले. त्या दवाखान्यात त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि जे एकटे पाहत होते त्यांना ते कोणाला सांगताही येत नव्हतं.

"गुरुवारी माझ्याबरोबर याल?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं. "काही बोलू नका. इथे बसता तसे बसा."

रविवारी फोन वाजला तेव्हा सासऱ्यांनी प्रश्न करायच्या आत डॉक्टर ओरडले, "पप्पा, विचारलं!"

"हालेलूया! मग काय साक्ष दिलीत?"

"काहीच नाही. तोंडात बोळा होता."

पलीकडे म्हाताऱ्याच्या हसण्याचा असा गडगडाट झाला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बरं, गुरुवारी काय बोलायचं ते मी सांगतो. कागद घ्या."

बायकोने फोन काढून घेतला. "पप्पा, कागद नाही नि पेन नाही. त्यांना नुसतं बसायचं आमंत्रण आहे. बसू दे त्यांना."

गुरुवारी दोघं हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. समोर ऑपरेशनच्या खोलीचं बंद दार, वर लाल दिवा. डॉक्टरांची जीभ आता ठणठणीत होती आणि शब्द तर उतू चालले होते. त्यांनी ते गिळले. पाळकाच्या जावयाला याहून कठीण उपास नाही. डोळे मिटून ते त्या अनोळखी बाईंसाठी मागत राहिले, या वेळी कराराची आठवणसुद्धा न होता. कधीतरी थोरल्यांनी त्यांचं बोट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

दिवा विझला. सर्जन बाहेर आले, मास्क खाली करून म्हणाले, "छान झालं. संध्याकाळी बोलतील तुमच्याशी."

थोरले डॉक्टर मनसोक्त रडले. मग नाक पुसून, चष्मा लावून, डॉक्टरांकडे वळून बसले.

"करार वाढवला आहे. ती प्रार्थना लागू पडली म्हणा," ते म्हणाले. "आता बोला. जे इतके महिने दाबून ठेवलंय ते. पण सांगून ठेवतो, माझ्या तोंडात बोळा नाही."

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. घोटलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. उरलं ते साधंच होतं.

"माझा विश्वास आहे की आपण असे घाबरून बसलेलो असतो, तेव्हा प्रभू येशू आपल्या उशाशी स्टूल ओढून—"

"थांबा, थांबा," थोरले हात वर करून म्हणाले. "हे मला नाही पटलं."

परदेशात आल्यापासून इतकं गोड वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलं नव्हतं. ते बाकावर सरसावून बसले आणि म्हणाले, "का नाही पटलं? सांगा ना."