देविका शेजारी जाऊन रडली

साल १९९६. देविकाचा धाकटा भाऊ अमोघ काविळीनं गेला त्याला तीन महिने झाले होते, तरी उत्तरेतल्या मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत दहा वर्षांच्या देविकाचं कौतुक थांबत नव्हतं. "किती शहाणी पोर, डोळ्यांत टिपूस नाही!" शहाणी कसली? स्मशानातून परतल्यावर बाबांनी तिला बजावलं होतं, "आईसमोर रडायचं नाही. ती कोलमडेल." मोठी माणसं असलं काहीतरी बोलून मोकळी होतात, निस्तरायचं पोरांनी. देविकानं ते इतकं मनावर घेतलं, की आता न्हाणीघराला आतून कडी लावूनही तिला रडू येईना. त्याची तिला फार भीती वाटायची. आपण अमोघला विसरलो की काय?

हे तिनं फक्त शेजारच्या ज़ेहराला सांगितलं. ज़ेहरानं जरा विचार केला. "कल हमारे यहाँ मुहर्रम की मजलिस है. वहाँ सब रोते हैं. तू भी चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ज़ेहराच्या घरात पांढऱ्या चादरीवर काळ्या कपड्यांतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. एक बाई करबलाच्या लढाईत पाण्यावाचून वेढल्या गेलेल्यांची हकीकत सांगत होती. तहानलेल्या लेकरांचं वर्णन आलं आणि सगळी खोली हमसून हमसून रडू लागली. अमोघही दवाखान्यात सारखं पाणी मागत होता. देविकानं असा हंबरडा फोडला, की ती स्वतःच दचकली.

मग ओशाळून ती ज़ेहराच्या नानीला म्हणाली, "मैं तो अपने भाई के लिए रोई. गलती हो गई?"

नानीनं ओढणीनं तिचं तोंड पुसलं. "रो लो, बिटिया. यहाँ कोई चुप नहीं कराता."

घराकडे वळताना मात्र तिनं दोनदा तोंड धुतलं, तरी डोळे चांगलेच सुजले होते. आईनं दार उघडलं आणि बघतच राहिली.

"काय झालं गं?"

"कुछ नहीं."

"देविका!"

"मी रडले. ज़ेहराकडे, मजलिसमध्ये. बाबा म्हणाले होते, तुझ्यासमोर रडायचं नाही."

आई उंबऱ्यातच मटकन खाली बसली. आई खरंच कोलमडली, असं देविकाला वाटलं.

"मलाही त्यांनी हेच सांगितलंय," आई म्हणाली. "तुझ्यासमोर रडू नको म्हणून."

देविका तिच्याशेजारी उंबऱ्यात टेकली.

"ती मजलिस उद्याही असते का गं?" आईनं विचारलं.

"हाँ. दस दिन होती है."

"मग उद्या मला घेऊन चल."